पेशी रुजली का?

(दृश्य: हर्णै बंदर, दुपारनंतर. होड्या, बैलगाड्या, वाळूवरचा लिलाव.)

दुपार कलली की हर्णैच्या बंदरात होड्या येऊन उभ्या राहतात. मासळी उतरते, बैलगाड्या पाण्यात शिरतात, वाळूवर लिलावाचा गलका सुरू होतो. समोर सुवर्णदुर्ग. पश्चिमेचं ऊन इथे माणसाला दोनदा लागतं, एकदा आभाळातून आणि एकदा पाण्यावरून. डोळ्यात लावलेली पेशी रुजली का, हे कसं पाहायचं, ती गोष्ट या उन्हापासूनच सुरू होते.

(दृश्य: एका खलाशाचा डोळा, अगदी जवळून.)

वर्षानुवर्षं दर्यावर जाणाऱ्यांच्या डोळ्यांत नीट बघा. काहींच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून एक गुलाबी, तिकोनी पापुद्रा बुबुळाकडे सरकलेला दिसेल. ‘डोळ्यात मांस वाढलंय’, असं लोक म्हणतात. डॉक्टर म्हणतात टेरिजियम. तो बहुतेकदा नाकाच्याच बाजूने का वाढतो? ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी 1993 साली याचं उत्तर सुचवलं. कानाच्या बाजूने तिरपं येणारं ऊन कॉर्नियाच्या गोलाईवर वाकतं आणि नाकाकडच्या कडेवर एकवटतं. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. टोपीची झापड समोरचं ऊन अडवते, बाजूचं नाही. म्हणून दर्यावर जाताना बाजूंनीही झाकणारा गॉगल हवा.

जिथे हे ऊन एकवटतं, त्या कडेला लिंबस म्हणतात. पांढरा भाग संपून कॉर्निया सुरू होतो, तिथलं हे अरुंद कडं. इथे मूलपेशी राहतात, म्हणजेच स्टेम सेल. कॉर्नियाचा वरचा थर रोज झिजतो आणि या कडेवरून नव्या पेशी मध्याकडे सरकत ती झीज भरून काढतात. पांढऱ्या भागावरच्या रक्तवाहिन्यांनाही ही कडच बाहेर थोपवते. कड दुबळी झाली की बाहेरचं आत घुसतं.

उन्हापेक्षा कितीतरी वेगाने ही कड जाळतो तो चुना.

(दृश्य: पानाचा डबा. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी. भिंतीला सफेदी.)

घराघरांत असतो म्हणून आपल्याला चुन्याची भीती वाटत नाही. पोराच्या हातात पुडी दाबली जाते, फुटते आणि चुना सरळ डोळ्यात उडतो. ॲसिडमुळे डोळ्यातली प्रथिनं गोठतात, त्यामुळे ते बऱ्याचदा वरच अडतं. चुना अल्कली आहे. तो पेशींवरची स्निग्ध आवरणं विरघळवत खोल जातो. अशा वेळी डॉक्टरकडे धावण्याआधी पाणी. घागरीचं, नळाचं, मिळेल ते स्वच्छ पाणी किमान अर्धा तास सतत डोळ्यात ओतायचं. पापणी उलटून अडकलेले कण काढायचे. डोळा चोळायचा नाही. तूप, दूध, कसलाही पाला घालायचा नाही. मग दवाखाना. पहिल्या काही मिनिटांत ओतलेलं पाणी जेवढा डोळा वाचवतं, तेवढा नंतरचं कोणतंही ऑपरेशन वाचवू शकत नाही.

कड पूर्ण जळली, तर कॉर्नियावर रक्तवाहिन्या चढतात आणि तो पांढुरका होतो. नुसता कॉर्निया बदलून भागत नाही, कारण त्याला ताजं ठेवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. दुसरा डोळा धड असेल, तर त्याच्या कडेवरून पेशी आणता येतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतले वीरेंद्र सांगवान आणि त्यांचे सहकारी यांनी 2012 साली याची सोपी पद्धत मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेवरून सुमारे 2 मिलिमीटर लांबीरुंदीचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे, जळलेल्या डोळ्यावर गर्भावरणाचा पातळ पापुद्रा बसवून त्यावर ते डकवायचे. पेशी वाढवायला वेगळी प्रयोगशाळा लागत नाही, त्या डोळ्यातच वाढतात. ज्या देशात जळलेले डोळे बहुतेक गरिबाघरचे असतात, तिथे ही केवढी मोठी गोष्ट आहे!

(दृश्य: डोळे तपासायच्या स्लिट लॅम्प यंत्राखाली डोळा. निळा प्रकाश, हिरवी चमक.)

तपासताना फ्लुरेसिन या रंगाचा थेंब घालतात. निळ्या प्रकाशात जिथे कॉर्निया अजून उघडा आहे तिथे हिरवं चमकतं, जिथे नवा थर आला तिथे नाही. हिरवा भाग आक्रसत गेला की घरची माणसं सुटकेचा श्वास टाकतात. तो त्यांचा हक्कच आहे. पण डॉक्टरांपुढे एक प्रश्न उरतो. हा थर लावलेल्या पेशींनीच धरला का?

2005 साली ब्रिटनमध्ये 10 डोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत दुसऱ्या माणसाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या लिंबसच्या पेशी लावल्या होत्या. 7 डोळे सुधारले. मग कॉर्नियावरच्या पेशींचा डीएनए तपासला. 9 महिन्यांनंतर दात्याचा डीएनए कुठेच सापडला नाही. डोळा बरा, पण लावलेल्या पेशी बेपत्ता.

आता याच्या अगदी उलट घडलेलं पाहा. सप्टेंबर 2014, जपानमधलं कोबे. सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंच्या डोळ्यातल्या आतल्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, मधल्या भागाची झीज झालेली. मासायो ताकाहाशी यांच्या गटाने त्यांच्याच कातडीच्या पेशींपासून या पडद्यामागचा रंगीत थर तयार केला आणि 1.3 बाय 3 मिलिमीटरचा पापुद्रा एका डोळ्यात बसवला. वर्षभराने पापुद्रा जागच्या जागी होता. नजर सुधारली नव्हती आणि बिघडलीही नव्हती. पेशी टिकली, दृष्टी तेवढीच राहिली. म्हणून रुग्णाला किती ओळी वाचता आल्या, एवढ्यावरून पेशीचं काय झालं ते कळत नाही. पेशी पाहावीच लागते.

(दृश्य: ओसीटीचं चित्र, पडद्याचे थर.)

पडद्यात सोडलेली पेशी संशोधक आता सोन्याची खूण लावून पाहतात. ती वेळ का आली, ते इथे कळतं. ओसीटी ही डोळ्याच्या आतल्या थरांचं चित्र काढणारी तपासणी 1991 साली पुढे आली. ती प्रकाशाच्या परावर्तनावरून काही मायक्रॉनपर्यंतचे थर दाखवते, सुई नाही, टोचणं नाही. आज शहरांतल्या डोळ्यांच्या बऱ्याच दवाखान्यांत ती आहे. पण ओसीटीत थर दिसतो, पेशीचं गाव दिसत नाही. नवी आणि जुनी पेशी सारखीच दिसते.

म्हणून पेशींना रोपणाआधी खूण करतात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांच्या साखळ्या पेशींना खाऊ घालून त्या सशांच्या डोळ्यांत सोडल्या गेल्या. मग डोळ्यावर लेझरचा अतिशय छोटा झोत टाकायचा. सोनं तो शोषून क्षणभर तापतं, फुगतं आणि त्यातून आवाज निघतो. मिरगाच्या आधी वीज कडाडते तेव्हा हेच होतं: हवा एकदम तापते, फुगते, गडगडाट होतो. इथला गडगडाट माणसाच्या कानाला न ऐकू येणारा, म्हणून तो सोनोग्राफीसारख्या यंत्राने टिपतात. प्रकाशातून निघणारा हा आवाज ग्रॅहम बेल यांनी 1880 सालीच हेरला होता. या तंत्राला फोटो-अकॉस्टिक म्हणतात.

साखळ्याच का, सुटे कण का नाहीत? सुटा कण हिरवा प्रकाश शोषतो, आणि रक्तही तोच शोषतं. कण साखळीत जोडले की ते तांबड्याकडचा प्रकाश शोषू लागतात. रक्त तिथे मंद पडतं, सोनं ठळक होतं. मला या सगळ्यात हा बदल सर्वांत हुशारीचा वाटतो.

पण सोन्यालाही मर्यादा आहे. पेशी मेली तरी सोनं मरत नाही. सफाई करणारी दुसरी पेशी ते गिळते, आणि यंत्रावर खूण चमकतच राहते. पेशी दुभंगत गेली, तर खूण वाटली जाऊन फिकी होते. जिवंत पेशीच चमकावी यासाठी तिच्या जनुकांत चमकणाऱ्या प्रथिनाची कृती घालता येते. प्राण्यांत हे चालतं. माणसाच्या जनुकांना हात लावण्याआधी मात्र दहादा विचार करावा लागतो. म्हणून एकाच खुणेवर विसंबायचं नाही. सोन्याबरोबर रंगद्रव्य, फोटो-अकॉस्टिकबरोबर ओसीटी, असं ताडून पाहायचं.

(दृश्य: बाजारपेठेतला फलक, मोबाइलवरची जाहिरात.)

हे सगळं कोकणात सांगायचं कारण, ‘स्टेम सेलने गेलेली नजर परत’ अशा जाहिराती इथल्याही मोबाइलवर पोचल्या आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांची नजर जाताना बघणारा मुलगा जमीन विकायला तयार होतो. त्याला आधी एवढं सांगितलं पाहिजे: अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका दवाखान्यात तीन बायकांनी पैसे भरून पोटाच्या चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतल्या. दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी. त्यांची नजर गेली. 2017 साली हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आपल्याकडे पडद्याच्या आजारांवर मूलपेशींचा वापर नोंदणी झालेल्या चाचणीतच होऊ शकतो. चाचणीचा क्रमांक क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत कुणालाही पाहता येतो, आणि चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. क्रमांक मागा. दोन्ही डोळे एकदम करणार का, ते विचारा. आणि पेशी डोळ्यात गेल्यावर कुठे आहे, जिवंत आहे की नाही, हे महिन्यांनी कसं दाखवणार, हेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.