तापीचा गाळ, सुकटीचा वाटा

(दृश्य : प्रकाशाजवळ तापीचा काठ. गाळात रुतलेला पाय.)

पाय उपसला की पोटरीपर्यंत काळा मोजा चढलेला दिसतो, घासल्याशिवाय निघत नाही. खान्देशची काळी माती अशीच चिवट. खत धरते, पाणी धरते आणि धातूसुद्धा. शिसं, कॅडमियम पाण्यात फार काळ मोकळं राहत नाही, बारीक कणांना जाऊन चिकटतं. म्हणून बाटलीभर पाणी तपासणीत पास होतं, गाळ नापास.

पण घाई नको. आपली माती बेसॉल्टची. तांबं, निकेल, क्रोमियम तिच्यात मुळातच असतं. अॅल्युमिनियम बहुतांश खडकातूनच येतं, म्हणून त्याच्याशी प्रमाण लावून खडकाचा हिस्सा आधी बाजूला काढायचा, मगच कारखान्याकडे बोट दाखवायचं.

मुलताईहून निघालेली तापी 724 किलोमीटर वाहत सुरतेपुढे समुद्राला मिळते. आपला बराचसा गाळ वाटेत उकाई धरणातच बसतो. पुढे जे जातं त्यात शहराचं, कारखान्यांचं सांडपाणी मिसळतं. मुखाशी खारं पाणी भेटलं की तरंगते कण एकमेकांना चिकटतात, जड होतात, तळाला जातात. तिथंच शिंपले आणि कालवं पाणी गाळत बसलेली असतात.

खान्देशात खाडी कुठून आणली, असं वाटेल. तर आठवडे बाजारात चला.

(दृश्य : सुकटीचा, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीचा ढीग, शेजारी त्याहून बारीक जवळा.)

हा माल किनाऱ्यावरचा. कोरडा भाजायचा, लसूण-मिरची टाकायची, सोबत कळण्याची भाकरी. वास तीन घरं पलीकडे जातो! आता गंमत बघा. ताज्या कोळंबीत पाऊण हिश्श्याहून जास्त पाणी. ते उडालं की ग्रॅममागे धातू चौपट. खातो आपण मूठभरच, हेही खरं. पण कॅडमियम एकदा मूत्रपिंडात शिरलं की निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात.

आणि कोळंबीत ते साठतं मुख्यतः डोक्यातल्या यकृतासारख्या अवयवात. युरोपात कोळंबीला कॅडमियमची मर्यादा किलोमागे 0.5 मिलिग्रॅम आहे, तीही फक्त पाय-शेपटीच्या मांसापुरती. डोकं त्या हिशेबात धरतच नाहीत.

(दृश्य : ओसरीवर सूप. एक आजी सुकट निवडतेय.)

आजी एकेक सुकट उचलते, नखानं डोकं मोडते, बाजूला टाकते. का हो आजी?

"गळाम्हा टोचस ना, भाऊ."

जवळा मात्र ती अख्खाच तव्यावर टाकते. एवढ्याशा जीवाचं डोकं कोण मोडत बसणार?