मिशनवर जायचंय म्हणणाऱ्या मुलामुलींसाठी (ठाण्यातल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)

आपण ठाण्यात बसलोय तर ठाण्यापासूनच सुरू करते. १३२१ साली इथे चार मिशनरी मारले गेले, तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि जॉर्जियाकडचे ब्रदर डेमेट्रियस. निघाले होते चीनला, ठाण्यात थांबायचं त्यांच्या मनातही नव्हतं. काही वर्षांनी ओडोरिक नावाचे फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या धर्मसंघातले संन्यासी, आले, त्यांनी त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि सोबत चीनला नेल्या. मला हे सारखं आठवतं, कारण माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींचा देश आधीच ठरलेला असतो.

पण देश आपण नाही ठरवायचा, आपण ज्या धर्मसंघात जातो तो आपल्याला पाठवतो. मी विचारते, आफ्रिका नाही, जव्हारला पाठवलं तर? किंवा इथेच कळव्यात राहा म्हटलं तर? चेहरा पडला म्हणून पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, नाही असं मी म्हणत नाही, पण चेहरा का पडला ते प्रार्थनेत येशूला सांगा, मग हळूहळू कळतं की त्या इच्छेत काय काय मिसळलंय, फिरायची हौस आहे, घरातली भांडणं आहेत, ब्रेकअप आहे, नोकरीचा कंटाळा आहे. हौस असणं पाप नाही, फक्त नुसत्या हौसेवर नोव्हिशिएट, म्हणजे व्रतं घेण्याआधीचा संघातला तयारीचा काळ, निभत नाही.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया बघा. जेझुइट नावाच्या संघाच्या फादरांबरोबर जपानला गेले, भाषा फार छान शिकले, मला तुमच्यात घ्या म्हणून मागे लागले, पण नाही घेतलं. मग त्यांनी व्यापार केला, तो चांगला चाललाही, आणि तो सोडून मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि परत जपानला गेले ते दुभाषी म्हणून, म्हणजे ती आधी शिकलेली भाषाच कामाला आली. १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेले. तेव्हा एखाद्या संघाने नाही म्हटलं तर देवानेच नाही म्हटलं असं समजून घरी रडत बसू नका.

आता कर्जाचं, हे कोणी सांगत नाही. फेडता येत नाही असं कर्ज डोक्यावर असेल तर नोव्हिशिएटमध्ये घेताच येत नाही, चर्चच्या कायद्यातच आहे, कलम ६४४. एज्युकेशन लोन, बाईकचा ईएमआय, क्रेडिट कार्ड, आधी ते मोकळं करा. ती वर्षं फुकट जात नाहीत, मला तर वाटतं खरी पारख तिथेच होते. रिट्रीटच्या रात्री गिटार वाजत असताना सगळ्यांनाच जावंसं वाटतं, पण पगार झाला, हप्ता कापला गेला, लोकलला लटकून घरी आलात आणि तरी ती ओढ आहे तिथेच आहे, तर मग मला येऊन भेटा. आणि मन उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नका, हे संत इग्नेशियस लोयोलांनी सांगून ठेवलंय.

मी टांझानियात होते. तिथे स्वाहिलीत मोठ्या माणसाला 'शिकामो' म्हणायचं, ते 'माराहाबा' म्हणतात. डिस्पेन्सरीत रांगेत बसलेल्या प्रत्येक आजीला आधी शिकामो, मग घरचं कसंय, पीक कसंय, नातवंडं कशी आहेत, आणि मग कुठे तिचा ताप बघायचा. मी शिकलेली नर्स, पण भाषा येईपर्यंत त्या आज्याच मला एकेक शब्द शिकवायच्या आणि हसायच्या. ज्याला आपल्या सोसायटीच्या वॉचमनशी पाच मिनिटं बोलायला धीर नाही त्याला तिथे फार जड जाईल, म्हणून सुरुवात त्या वॉचमनपासून करा, या आठवड्यातच.

घाईचं काही कारण नाही. नोव्हिशिएट कमीत कमी १२ महिन्यांचं, मग तात्पुरती व्रतं निदान ३ वर्षं, तेवढ्यात तुम्ही नाही म्हणू शकता आणि संघही म्हणू शकतो. ज्यांना बोलायचंय त्यांनी चहानंतर थांबा. आईबाबांना घेऊन आलात तर फारच चांगलं, त्यांचे प्रश्न तुमच्यापेक्षा नेमके असतात, आणि तुम्ही लांब गेल्यावर घरी मागे तेच राहणार आहेत.