एकाच आडनावाचे शब्द

(गावच्या वाचनालयात दहावी-बारावीच्या आणि भरतीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, कापूस वेचणीचे दिवस आहेत. काही पोरं वावरातून थेट इकडं आलेली दिसतात, पॅन्टला अजून पराटीचा कचरा आहे. म्हणून प्रस्तावना गुंडाळतो आणि फळ्यावरच येतो.

फळ्यावर लिहिलंय ते वाचा. नी म्हणजे गुडघा. नाइफ म्हणजे सुरी. नॉट म्हणजे गाठ, नॉक म्हणजे दार ठोठावणं, नीड म्हणजे कणीक तिंबणं, निट म्हणजे विणणं. सगळ्यांचं स्पेलिंग के-एनपासून सुरू होतं आणि के कोणीच उच्चारत नाही. मग तो तिथं काहून बसला? वर्गात विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘सर, इंग्रजी भाषाच येडी हाय.’

येडी नाही बाप्पा. साधारण सतराव्या शतकापर्यंत इंग्रज माणूस हा के चांगला खणखणीत उच्चारत होता. जर्मन लोक गुडघ्याला आजही ‘क्नी’च म्हणतात. विल्यम कॅक्स्टनने 1476 साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. पुढं छापून छापून स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली, पण जीभ काही छापखान्याला विचारून चालत नाही. बोलण्यातून के गेला, कागदावर राहिला.

हे समजायला लंडनला जायची गरज नाही. तुम्ही घरी डोया म्हणता, काया म्हणता, ‘केयं खाल्लं’ म्हणता. वहीत मात्र डोळा, काळा, केळं असंच लिहिता, नाहीतर मास्तर लाल रेघ मारतात. समजा उद्या अख्खा महाराष्ट्र डोया म्हणू लागला आणि पुस्तकात ळ तसाच राहिला. मग मराठी शिकणारं परदेशातलं एखादं पोट्टं डोकं खाजवत विचारेलच की, या ळचं इथं काम काय? के-एनचं नेमकं हेच झालंय.

आणि त्या मुक्या केचा आपल्याशीही संबंध आहे. गुडघ्याला संस्कृतात जानु. हात गुडघ्यापर्यंत पोचणारा तो आजानुबाहू, हा शब्द तुम्ही ऐकलेला आहे. जानु आणि नी हे एकाच मुळातून निघालेले शब्द. जाणणं या अर्थाचा नो हाही के-एनवालाच. त्याचा सख्खा भाऊ म्हणजे ज्ञा धातू, ज्यातून ज्ञान आलं आणि आपलं रोजचं ‘जाणणं’ही आलं. ग्रीकमध्ये त्याच मुळाला जी-एन लागतं. दवाखान्यात डॉक्टर डायग्नोसिस करतात, त्यातलं ‘ग्नो’ म्हणजे तेच जाणणं. तिथं जी ऐकू येतो, नोमध्ये के गिळला जातो, एवढाच फरक.

जी-एचचंही तसंच, ते भरभर सांगतो. नाइट, एट, डॉटर यांतला जी-एच एकेकाळी घशातून ख सारखा निघायचा. जर्मनमध्ये नाख्ट, आख्ट, टोख्टर असं अजून ऐकू येतं. आपल्याकडं नक्त म्हणजे रात्र, अष्ट, आणि दुहिता म्हणजे मुलगी. जोड्या तुम्हीच लावा.

आता जरा रेंगाळू या, कारण डब्ल्यू-आरचं घराणं मला सगळ्यांत आवडतं. विहिरीवरच्या मोटरीचा नट गंजलाय आणि तुम्ही पाना लावलाय असं डोळ्यांसमोर आणा. पान्याला इंग्रजीत रेंच. तो फिरवताना काय पिरगळतं? मनगट, म्हणजे रिस्ट. नट सुटल्यावर हात पुसायचं फडकं धुऊन पिळता, ते रिंग. ही बोटातली अंगठी नव्हे, हिच्या तोंडाशी डब्ल्यू आहे. जोर लावताना कपाळावर सुरकुती पडते, ती रिंकल. कुस्तीत एकमेकांना पिळवटतात ते रेसल. फुलं-पानं वळून केलेलं चक्र ते रीथ. राँगचा अर्थसुद्धा मुळात वाकडं असाच होता, चूक हा अर्थ नंतर आला. पीळ, वळण, वाक, सगळं एका ओळीत बसलं. एकदा मनगट फिरवून हे शब्द म्हणा, पाठ करावे लागत नाहीत.

पण जपून. गावात एकाच आडनावाची पन्नास घरं असली म्हणून सगळे भाऊबंद नसतात. लिहिणं या अर्थाचा राइट डब्ल्यू-आरवालाच आहे, पण पिळण्याशी त्याचं नातं नाही. त्याचा जुना अर्थ कोरणं, ओरखडणं.

काही अक्षरजोड्या तर घराणं एक असो वा नसो, एकच सूर लावतात. जी-एल घ्या. ग्लो, ग्लिटर, ग्लीम म्हणजे चमक. ग्लिम्प्स म्हणजे ओझरतं दर्शन, ग्लेअर म्हणजे डोळे दिपवणारा झोत. मराठीत हे काम झ करतो. झगमग, झळाळी, झळकणं, झिलई. एस-एनला नाकाशी बसायची खोड आहे. स्नोअर म्हणजे घोरणं, स्निफ म्हणजे हुंगणं, स्नाउट म्हणजे डुकराचं मुस्कट, स्नीझ म्हणजे शिंक. यातली शिंक तर बाहेरून आलेली. जुन्या इंग्रजीत तिचं स्पेलिंग एफ-एनपासून सुरू व्हायचं. ती जोडी भाषेतून उठून गेली आणि शिंक नाकवाल्यांच्या वस्तीत राहायला आली. अशा जोड्यांना 1930 साली जे. आर. फर्थ यांनी फोनेस्थीम असं नाव दिलं. हे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ त्याआधी लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. अर्थात ग्लूमध्ये चमक नाही आणि स्नेकला घोरता येत नाही, तेव्हा इथंही आडनावावरून सोयरीक जुळवू नका.

माझं भांडण आहे ते बाजारातल्या शब्दसंग्रहाच्या गाइडांशी. ए पासून झेडपर्यंत शब्द, समोर अर्थ, की झालं काम. एबीसीडीच्या क्रमात शेजारी बसलेल्या दोन शब्दांची एकमेकांशी ओळखदेख नसते, मग ते तुमच्या लक्षात तरी कशाला राहतील? तलाठ्याच्या पेपरात इंग्रजीचे प्रश्न येतात म्हणून रात्री जागून रट्टा मारता आणि सकाळी निम्मं साफ. त्यापेक्षा वहीचं एक पान एका जोडीला द्या. उपरे शब्द दिसले की त्याच पानावर खाली रेघ ओढून वेगळे लिहा.

चला, एक पान आत्ताच करू. वहीत वर टी-डब्ल्यू लिहा. टू म्हणजे दोन, यातला डब्ल्यू मुका आहे. ट्विन म्हणजे जुळं, ट्वाइस म्हणजे दोनदा. ट्वाइन म्हणजे दोन पदर वळून केलेली सुतळी. बिट्वीन म्हणजे दोघांच्या मधे. आता हे पुढचे शब्द घ्या. ट्वेल्व्ह, ट्वेंटी, ट्विलाइट, ट्वीट, ट्विस्ट. यातल्या एकाचा दोनशी काडीचा संबंध नाही. कोणता? मागच्या रांगेतून हात वर आला पाहिजे.