अकरावीच्या संख्याशास्त्राआधीची सुट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

दहावीची परीक्षा संपून दप्तर फळीवर गेलेले असते, निकाल लागायचा असतो आणि अकरावीचे वर्ग सुरू व्हायला अजून अवकाश असतो. या मोकळ्या काळात, पुढे ‘गणित व संख्याशास्त्र’ हा विषय घेणाऱ्या मुलामुलींनी काय करावे, असा प्रश्न पालक मला दर वर्षी विचारतात. मी एखादा सुट्टीतला क्लास सुचवीन, किंवा अकरावीचे पुस्तक आधीच आणून पहिली चार प्रकरणे उरकून टाकायला सांगेन, अशी त्यांची बहुधा अपेक्षा असते. कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे हा विषय शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की सूत्रे जून-जुलैत शिकवली जाणारच आहेत. सुट्टीत हवी ती आकड्यांची ओळख, आणि तीही स्वतः गोळा केलेल्या आकड्यांची.

याचे कारण सांगतो. दहावीच्या गणित भाग 1 मध्ये सांख्यिकी हे सहावे आणि शेवटचे प्रकरण आहे. त्यात वर्ग, म्हणजे आकड्यांचे गट, आणि वारंवारता, म्हणजे प्रत्येक गटात किती आकडे पडले ती संख्या, यांची सारणी तयार दिलेली असते आणि मुले मध्य म्हणजे सरासरी, मध्यक म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, आणि बहुलक म्हणजे सर्वांत जास्त वेळा येणारा आकडा काढतात, आयतालेख आणि वृत्तालेख काढतात. ही सारणी कोणी भरली, ते आकडे कुठून आले, मोजताना काय अडचण आली, हे प्रश्न तिथे उद्भवतच नाहीत. अकरावीत मात्र विषय एकदम ‘विचलना’कडे वळतो. सरासरी किती, हे विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न येतो, की आकडे त्या सरासरीपासून किती आणि कसे विखुरले आहेत. ज्याने आकडे कधी हाताने गोळा केले नाहीत, त्याला हा प्रश्न मुळात का पडावा, हेच उमगत नाही, आणि मग प्रमाण विचलनाचे सूत्र हा पाठांतराचा एक तुकडा होऊन बसतो.

काही वर्षांपूर्वी अकरावीच्या पहिल्या चाचणीत एका हुशार मुलीने शंभरपैकी मिळालेल्या गुणांचा मध्य 118 काढला होता. पायऱ्या नीटनेटक्या होत्या, अक्षर सुरेख होते, एका बेरजेत हातचा चुकला होता, एवढेच. मला हातच्याचे काही वाटले नाही. पण शंभरपैकी गुणांची सरासरी शंभराच्या वर जाऊ शकत नाही, हे तिला उत्तर लिहिताना खटकले नाही, याने मी अस्वस्थ झालो. तोपर्यंत मीही वर्गात सूत्र आधी आणि अर्थ मागाहून शिकवत असे. त्यानंतर मी तो क्रम बदलला. गणित सुरू करण्याआधी उत्तर साधारण किती यावे, याचा अंदाज वहीच्या समासात पेन्सिलीने लिहिल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा नियम केला. ही सवय सुट्टीतच लावून घेता येते आणि तिला एक पैसा लागत नाही.

आता प्रत्यक्ष काम काय करायचे, ते पाहू. उन्हाळा आहे, घरात आंबे आहेत. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल तर उत्तमच, नसेल तर ओळखीच्या दुकानदाराला विनंती करावी. पेटीतले आंबे एकेक करून तोलावेत आणि वजने वहीत लिहावीत. समजा, एका पेटीतल्या पाच आंब्यांची वजने 240, 245, 250, 255 आणि 260 ग्रॅम भरली. दुसऱ्या पेटीतल्या पाच आंब्यांची भरली 180, 200, 250, 300 आणि 320 ग्रॅम. श्रोत्यांपैकी ज्यांच्या हाताशी कागद आहे, त्यांनी बेरीज करून पाहावी. दोन्हीकडे ती 1250 येते, म्हणजे सरासरी दोन्हीकडे 250 ग्रॅमच आहे, आणि मध्यकही तोच आहे. तरीही या दोन पेट्या सारख्या आहेत, असे कोणतीही गृहिणी म्हणणार नाही. पहिल्या पेटीतले आंबे एकसारखे आहेत. दुसरीत लहानमोठ्यांची भेसळ आहे. जे डोळ्यांना दिसते आणि सरासरीत हरवते, ते एका आकड्यात कसे पकडावे? अकरावीतल्या या विषयाचे दार इथे उघडते.

इथे थोडे थांबू. पहिला उपाय मुलांना आपोआप सुचतो. प्रत्येक आंबा सरासरीपासून किती दूर आहे, ते काढावे आणि त्या फरकांची सरासरी घ्यावी. पहिल्या पेटीसाठी हे फरक उणे 10, उणे 5, शून्य, अधिक 5 आणि अधिक 10 असे येतात आणि त्यांची बेरीज शून्य होते. दुसऱ्या पेटीतही शून्यच येते. कोणत्याही पेटीत तसेच होणार, कारण सरासरी हा तराजूचा काटा आहे. तिच्या दोन्ही बाजूंचे फरक एकमेकांना तोलून धरतात. हे मुलाने स्वतः दोन-तीन वेळा करून पाहिले, की पुढचा मार्ग तो स्वतःच शोधू लागतो. उणे चिन्हे सोडून दिली तर पहिल्या पेटीत फरकांची सरासरी 6 ग्रॅम येते आणि दुसरीत 48 ग्रॅम. फरकांचे वर्ग केले, त्यांची सरासरी घेतली आणि शेवटी वर्गमूळ काढले, तर पहिल्या पेटीत सुमारे 7 ग्रॅम आणि दुसरीत 54 ग्रॅमच्या थोडे वर येते. वर्ग आणि वर्गमूळ करून आलेले हे उत्तर म्हणजेच प्रमाण विचलन. वर्ग का करायचे आणि शेवटी वर्गमूळ का घ्यायचे, हे प्रश्न ज्याच्या मनात आंबे तोलताना उभे राहिले, त्याला ते सूत्र विसरणे अवघड जाईल.

सरासरी कुठे फसवते, हेही याच सुट्टीत कळून घ्यावे. एका वाडीत पाच खातेदार आहेत आणि त्यांची जमीन 2, 2, 3, 3 आणि 40 एकर आहे, असे समजा. सरासरी 10 एकर येते. पण 10 एकरांच्या जवळपास जमीन असलेला एकही माणूस त्या वाडीत नाही. मध्यक 3 एकर आहे आणि वाडीची खरी परिस्थिती तो अधिक प्रामाणिकपणे सांगतो. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि घाट उतरून वाईला आलो, की त्याच्या एक-पंचमांशही पडत नाही. अशा तालुक्यांची मिळून काढलेली एकच सरासरी पेरणी ठरवणाऱ्या शेतकऱ्याच्या काय उपयोगाची?

शेतीचा विषय निघालाच आहे, तर एका माणसाची आठवण करणे मला अगत्याचे वाटते. सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी 1911 साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्यात शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवून आले आणि देशातल्या पिकांचे उत्पन्न नमुना पद्धतीने कसे मोजावे, या कामाचा त्यांनी पाया घातला. गावोगावी होणारा पीक कापणी प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने शेत निवडतात, त्या शेतातली जागाही तशीच निवडतात, बहुतेक पिकांसाठी 10 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद असा तुकडा दोरीने आखतात, तेवढेच पीक कापून, मळून, तोलतात. हा तुकडा 50 चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. तिथे 5 किलो ज्वारी निघाली, तर हेक्टरी उत्पन्न 10 क्विंटल धरायचे. साहजिकच काट्यावर 100 ग्रॅमची चूक झाली, की हेक्टरी 20 किलोंची चूक होते.

तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते, हे सुखात्मे यांनी दाखवून दिले. कारण अगदी साधे आहे. दोरीच्या रेषेवर उभे असलेले पिकाचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न कापणाऱ्याला पडतो आणि हात नकळत ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितका त्याच्या क्षेत्राच्या मानाने परीघ मोठा, आणि म्हणून ही चूकही मोठी. ज्यांच्या घरी शेती आहे, अशा मुलांनी गावात उन्हाळी पिकाची कापणी चालू असेल तर दोरी घेऊन हे करून पाहावे. एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आणि दहा बाय पाचचा आयत, दोन्ही आखावेत आणि दोन्हींवरून हेक्टरी उत्पन्न काढून ताडून पाहावे. नमुना म्हणजे काय, तो कसा बिघडतो आणि अशाच कापणीच्या आकड्यांवर ठरणाऱ्या पीक विम्याच्या भरपाईत या दोरीला एवढे महत्त्व का, हे एका दुपारी समजते.

संभाव्यतेसाठी साधन आणखी सोपे आहे. दहावीच्या पुस्तकात नाणे आणि फासा असतो आणि सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्याच संभवाच्या, मानलेल्या असतात. मी मुलांना चिंचोके फोडून घ्यायला सांगतो. आजी-आजोबांनी कवड्यांचे आणि चिंचोक्यांचे डाव खेळलेले असतात. त्यांना विचारावे, की पांढरी बाजू वर येण्याचा आणि काळी बाजू वर येण्याचा संभव सारखा असतो का. मग एकच चिंचोका शंभर वेळा टाकावा आणि दर दहा टाकांनंतर पांढऱ्या बाजूचे प्रमाण वहीत लिहावे. हे प्रमाण सुरुवातीला खूप वरखाली होते आणि हळूहळू स्थिरावते, पण ते निम्म्यावरच स्थिरावेल, असे सांगता येत नाही. शेजारी नाण्याचाही तसाच तक्ता करावा. नाणे चांगले असेल तर शंभरात छाप बरोबर पन्नास वेळा येण्याची शक्यता सुमारे 8 टक्केच असते. बहुतेक वेळा छापांची संख्या 40 ते 60 यांच्या दरम्यान कुठेतरी पडते. पन्नास न आल्यामुळे आपले काही चुकले, असे वाटून तक्त्यात खाडाखोड करणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांना कळकळीने सांगतो, की आलेला आकडा कधीही सुधारू नये.

मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलांसाठी एक वेगळी तयारी आवश्यक आहे आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. अकरावीत अनेकांचे माध्यम बदलते. मग मध्याला ‘मीन’ म्हणतात, मध्यकाला ‘मीडियन’, बहुलकाला ‘मोड’, वारंवारतेला ‘फ्रीक्वेन्सी’ आणि प्रमाण विचलनाला ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’. पहिले दोन महिने या मुलांना विषय कळत नसतो असे नाही. शब्द ओळखेपर्यंत शिक्षक पुढच्या ओळीवर गेलेले असतात, आणि हुशार मूल गप्प होते. वहीत दोन रकाने करून एकीकडे मराठी संज्ञा, दुसरीकडे इंग्रजी संज्ञा आणि खाली आपल्याच आंब्यांचे उदाहरण, अशी तीस-चाळीस नोंदींची यादी सुट्टीत करून ठेवली, तर हा अडथळा पुष्कळ कमी होतो. मराठीतही मध्य आणि मध्यक यांत एकाच अक्षराचा फरक आहे, हे लक्षात असू द्यावे.

बाकीची उजळणी थोडक्यात सांगतो. तीसपर्यंतचे वर्ग तोंडपाठ असावेत, कारण आपल्या मंडळाच्या परीक्षेत सर्वसाधारणपणे गणकयंत्र वापरू देत नाहीत. अपूर्णांकाचे दशांश रूप आणि शेकडेवारी चटकन करता यावी. बेरजेसाठी वापरतात ते सिग्मा हे ग्रीक चिन्ह आधी ओळखीचे करून घ्यावे. ‘या सगळ्यांची बेरीज करा’ एवढाच त्याचा निरोप आहे. गणित भाग 2 मधला रेषेचा चढ पुन्हा एकदा वाचावा, कारण बारावीत वाणिज्य शाखेला ‘रिग्रेशन’, म्हणजे एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणारी रेषा, येते तेव्हा सारे काम त्या चढावरच चालते. घरी संगणक असेल तर आंब्यांची वजने तक्त्यात भरून हाताने काढलेली उत्तरे पडताळावीत, पण हाताने काढून झाल्यावर.

शेवटचा प्रयोग मृग लागल्यावर करायचा आहे. सरळ कडेचा, वरखाली सारख्या रुंदीचा एक डबा घ्यावा आणि झाडापासून व पागोळ्यांपासून दूर, उघड्यावर, हलणार नाही असा ठेवावा. भारतीय हवामान विभाग रोज सकाळी साडेआठ वाजता मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतो. तुम्हीही तीच वेळ पाळावी, पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी, लिहावी आणि डबा रिकामा करावा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायला विसरू नये. तो दिवसही आकडाच आहे. हवामान विभाग 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरतो, तेव्हा आपल्या वहीतही तशी खूण करावी. पंधरा दिवस झाले, की मध्य, मध्यक आणि प्रमाण विचलन काढावे. मध्यक शून्य येईल आणि मध्य आठ-दहा मिलिमीटर येईल, असेही घडू शकते. तसे झाले तर पुन्हा मोजणी करत बसू नये. शून्याचे दिवस किती होते आणि एकाच मुसळधार रात्रीने मध्य किती वर ओढला, हे त्याच पानाखाली चार ओळींत लिहावे आणि अकरावीच्या पहिल्या तासाला ते पान सोबत न्यावे.

नमस्कार.