तबलीवरच्या सह्या

[दृश्य: मिरज, सतारमेकर गल्ली. सकाळ.]

दुकानाच्या फळ्या निघाल्या की आधी स्पिरिटचा वास येतो, मग लाकडाचा. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या फरीदसाहेब शिकलगारांनी इथं तंतुवाद्यं घडवायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

आज दुकानातल्या कारागीर चाचांच्या मांडीवर मात्र गिटार आहे. सांगलीच्या एका कॉलेजच्या पोराची. तबलीवर, म्हणजे गिटारच्या पुढच्या लाकडी फळीवर, काळ्या मार्करनं सात सह्या, सगळ्या त्यानं समोर बसून ऐकलेल्या कलावंतांच्या. सहाव्या सहीची शेवटची वेलांटी पुसट झालीय. वाजवताना हात नेमका तिथंच टेकतो.

"चाचा, वरनं तुमचं पॉलिश मारा, म्हणजे सह्या पक्क्या होतील."

चाचा काही बोलत नाहीत. पॉलिश केलेला एक जुना तुकडा काढतात, पोराच्याच मार्करनं त्यावर रेघ ओढतात, वाळू देतात. मग पॉलिशची पोटली एकदाच फिरवतात.

[दृश्य: पोटली जवळून. कापड काळं.]

रेघ गेली. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून हे पॉलिश करतात आणि अशा मार्करची शाईही बहुधा अल्कोहोलमध्येच कालवलेली असते. ज्या हातानं मिरजेची सतार चमकते, तोच हात इथं सही पुसून टाकेल. थिनरचं लॅकर ब्रशनं लावलं तरी तीच गत.

लॅकर द्यायचंच असेल तर स्प्रेनं, लांबून, धुकं बसावं इतकं हलकं. पृष्ठभाग ओला दिसता कामा नये. एक हात पुरता वाळल्यावरच दुसरा. आणि आधी तुकड्यावर, त्याच मार्करनं करून बघायचं. थर जाड झाला तर तबली जड होते, आवाज दबतो. मला विचाराल तर सहीसाठी वाद्याचा गळा आवळू नये. हात टेकतो तिथं मऊ सुती कापड घ्यावं, सह्यांवरून ओला फडका किंवा गिटारचं पॉलिश फिरवू नये, वाजवून झालं की गिटार केसमध्ये ठेवावी.

"घरी कुठं ठेवतोस रे?"

"भिंतीला. खिडकीसमोर."

"उन्हात?"

ऊन शाईचा रंग खातं. साधं पारदर्शक लॅकर ते अडवत नाही.

चाचा तुकड्यावर नवी रेघ ओढतात, निम्मी पुठ्ठ्यानं झाकतात आणि तुकडा पश्चिमेच्या खिडकीत ठेवतात.

"उन्हाळा सरला की बघायला ये. तोवर गिटार पेटीत."