फुगलेलं दार

श्रोतेहो, नमस्कार.

आज काही मोठा विषय घेऊन मी तुमच्यापुढं बसलेली नाही. बेळगावात, वडगावच्या आमच्या घरी, स्वयंपाकघराचं दार गेल्या सोमवारी फुगलं, तेवढंच सांगायचं आहे.

तसं ते दर आषाढात फुगतं. सकाळी सहाला चहाला उठले, कडी काढली, दार ढकललं, तर वरचा कोपरा चौकटीत घट्ट. खांदा लावला. दार उघडलं आणि त्याच्याबरोबर मीही आत, थेट ओट्यापर्यंत. सासूबाई जपमाळ थांबवून म्हणाल्या, "हळू की गं, दार मोडशील!" माझ्या खांद्याची चौकशी कुणी केली नाही.

सुताराला फोन लावला. "नाळे बर्तीनि, अक्का," म्हणाला. उद्या येतो. एरवी हा माणूस आमच्याशी अस्सल मराठीत बोलतो, टाळायचं असलं की कन्नडमध्ये शिरतो. आपण बेळगावकर सगळे तसेच म्हणा, टाळाटाळीला दोन-दोन भाषा मिळाल्यात. सासूबाई म्हणाल्या, "येतो म्हणालाय खरं, येतोय कुठला!" पुण्याकडचं कुणी ऐकत असेल तर सांगते, आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.

आता पाण्याचं. 2008 साली बेळगावच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं. माझी नणंद त्यातल्याच एका भागात राहते आणि फोनवर सहज म्हणते, "भरून ठेवायची सवयच गेली बाई." आम्ही मात्र घागर, कळशी, बादल्या, वेळ पडली तर कुकरसुद्धा भरून ठेवतो. बाहेर धो धो पाऊस, गटारं तुडुंब, आणि नळाला कान लावला तर नुसती फुसफुस. पाणी येणार कधी ते सांगता येत नाही, म्हणून आमची एक युक्ती आहे. परसातला नळ रात्रभर उघडा ठेवायचा आणि खाली रिकामी पितळी घागर. पहिली धार पडली की टण्ण वाजतं, त्या आवाजाला मी गाढ झोपेतूनही उठते.

बुधवारी पहाटे चारला टण्ण वाजलं. धावले. आणि परसात जायची वाट कुठून? त्याच दारातून. ढकललं, लाथ मारली, हलेना. शेवटी डोक्यावर पोतं घेऊन पुढच्या दारानं बाहेर पडले आणि बोळातून, शेवाळावर घसरत, मागं गेले. घागर भरून वाहत होती. वरून पाऊस, खालून नळ, मध्ये मी. हे मात्र उठलेच नाहीत. सकाळी विचारतात, "पाणी आलं होतं का?"

गुरुवारी लाईट गेली. आमच्याकडं लाईट गेलेली पंख्यावरून कळत नाही, शेजारच्या मागांवरून कळते. दिवसभर खटाक-खटाक चालू असतं, त्या आवाजात आम्ही बोलतो, जेवतो, दुपारी झोपतोसुद्धा. तो थांबला की घर एकदम परकं वाटायला लागतं आणि झोपलेलं माणूस दचकून उठतं. मला इडलीचं पीठ वाटायचं राहिलं म्हणून राग आला. पण पलीकडं मागावर अर्धी साडी अडकलेली, तिथं रागवायचं तरी कुणी? मी गुपचूप रगडा धुऊन घेतला.

बाकी किरकोळ. मीठ बरणीत ढेकूळ होऊन बसलं, तांदळाचे दाणे टाकूनही. पापड सादळले. मोजे तीन दिवस दांडीवर, वाळायचं नाव नाही, वास मात्र घरभर. विजेचं बिल कन्नडमध्ये. ते सातवीतल्या लेकीकडून वाचून घ्यायचं. आकडा तेवढा सगळ्यांना वाचता येतो.

सुतार मंगळवारी 'नाळे', बुधवारी 'नाळे'. लेकीला तेव्हा एक गोष्ट आठवली. कर्नाटकात 1990च्या दशकात आवई उठली होती म्हणे, की रात्री एक भूत ओळखीच्या आवाजात हाक मारून दार ठोठावतं. त्यावर लोकांनी दारावरच लिहून ठेवलं, 'नाळे बा', उद्या ये. भूत ते वाचून परत जायचं. पोरीनं खडू घेतला आणि आमच्या फुगलेल्या दारावर झोकदार कन्नड अक्षरांत तेच लिहिलं. सासूबाईंनी लगेच वर हळद-कुंकू लावलं.

शनिवारी सुतार उगवला. स्टुलावर चढून दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. "इथं रंग कुठाय? पुढं-मागं चकाचक, वरची कड कोरी. तिथनंच पाणी पितंय." लाकूड लांबीला फारसं वाढत नाही, रुंदीला फुगतं, हेही त्यानं समजावलं. मी म्हटलं, मग मारा की रंधा. "आत्ता मारला तर मे महिन्यात फटीतनं मांजर येईल. दिवाळीनंतर वाळलं की कडेला रंग मारूया." देवापुढची मेणबत्ती मागून घेतली, कडेला खसाखसा घासली, चहा घेतला, पैसे नको म्हणाला.

जाताना त्यानं दार ओढून बघितलं आणि खडूची अक्षरं वाचली. थांबला, परत वाचली.

"अक्का, हे पुसू नका," म्हणाला. "दिवाळीपर्यंत चालतंय."