मोडलेल्या हाडाचे काप

मित्रहो, हाडाचा सीटी स्कॅन झाला की पेशंटचे नातेवाईक हमखास विचारतात, 'डॉक्टर, ते थ्रीडी चित्र दाखवता का?' मी दाखवतो. मात्र रिपोर्ट लिहिताना मी त्या चित्रावर विसंबत नाही, एकेक काप (म्हणजे हाडाच्या पातळ छेदाचं चित्र) पाहतो. का, ते टाचेवरून सांगतो.

माणूस उंचावरून पायांवर पडला की घोट्यातलं टॅलस हे हाड खालच्या टाचेच्या हाडात पाचरीसारखं घुसतं. टाचेचा वरचा सांध्याचा पृष्ठभाग फुटतो, खचतो. तो किती तुकड्यांत फुटलाय, यावर ऑपरेशनचा बराचसा निर्णय ठरतो. सँडर्स यांनी 1993 साली मांडलेलं वर्गीकरण याच पृष्ठभागातल्या भेगा मोजतं, तेही सीटीच्या कोरोनल, म्हणजे समोरून पाहावं तशा उभ्या कापांवर. थ्रीडीत तो पृष्ठभाग टॅलसखाली झाकलेला असतो. शिवाय असं चित्र रंगवताना कॉम्प्युटर पृष्ठभाग गुळगुळीत करतो, आणि केसाएवढी भेग त्यात बुजून जाते.

मग थ्रीडी कशासाठी? गुडघ्याखाली नडगीचं टोक फुटलं असेल, तर कॉम्प्युटरवर मांडीचं हाड बाजूला काढून वरून पाहता येतं. कुठला तुकडा कुठे सरकलाय, हे सर्जनला एका नजरेत कळतं. तिथे ते मोलाचं आहे.

मनगटातल्या स्कॅफॉइडचं दुखणं वेगळं. हे छोटं हाड तिरकं बसलेलं असतं आणि त्याचा बराचसा रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकाकडून येतो. फ्रॅक्चर नजरेतून सुटलं, तर रक्त न मिळाल्याने कोपराकडच्या बाजूचा तुकडा मरू शकतो. म्हणून काप शरीराच्या सरळ रेषेत न घेता त्या हाडाच्याच लांबीच्या रेषेत करून पाहावे लागतात. एवढं करूनही न सरकलेली भेग कधी हुलकावणी देते. अशा वेळी एमआरआय सरस. तो शक्य नसेल तर ड्युअल एनर्जी सीटी पाहावा: दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या किरणांनी घेतलेल्या माहितीतून कॅल्शियम वजा केलं की हाडाच्या मज्जेतली सूज, म्हणजे भेगेची खूण, दिसू लागते.

कोन बीम सीटी म्हणजे शंकूच्या आकाराच्या किरणझोताने चित्र घेणारं यंत्र. त्याचा मोठा गुण म्हणजे काही यंत्रांत पेशंट उभा राहू शकतो. पावलाच्या मधल्या सांध्यांतली फट भार पडल्यावरच उघडते, झोपवून केलेल्या सीटीत ती चुकू शकते. पण हे यंत्र सावकाश फिरतं. दुखणारा पाय जरा हलला की चित्र पुसट. स्नायू, स्नायुबंधही त्यात नीट कळत नाहीत. ताज्या अपघातात माझी पसंती नेहमीच्या मल्टिस्लाइस (एका फेरीत अनेक काप घेणाऱ्या) सीटीला.

टेक्निशियन मित्रांनो, आता तुमच्याशी. मनगटाचा सीटी करताना हात पोटावर ठेवू नका, जमेल तर डोक्यावर घ्या. पोट किरणांच्या वाटेत आलं की चित्र दाणेदार, खरखरीत येतं आणि पोटालाही विनाकारण किरणं लागतात. खांदाही दुखावला असेल तर घाई नको, उशी द्या, वेळ द्या. प्लास्टर काढायची गरज नाही. आणि हाडाच्या फिल्टरचे (हाडाच्या कडा ठळक करणाऱ्या सेटिंगचे) अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे काप त्याच दिवशी बनवून साठवा. मशीनमधला कच्चा डेटा काही दिवसांत पुसला जातो. मग जाड कापांतून ती भेग परत काढता येत नाही.